धारोष्ण

गाडी फाटकातून आत वळली तेव्हा आईचं लक्ष आधी गेलं ते अप्पांच्या पायांकडे. पायांत बूट होते. इस्पितळात इतके आठवडे ते पाय चादरीखाली दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून होते. आता त्यांनी स्वतःहून जमीन चाचपली, तशी तिच्या जिवात जीव आला.

"हळू, अप्पा. माझ्यावर भार टाका. सगळा टाका," थोरला म्हणाला.

"सगळा टाकला तर तूच बसशील खाली." आवाज बारीक झाला होता, खोड मात्र शाबूत होती.

अंगणाच्या मध्यावर ते थांबले. उजव्या हाताला गोठ्याचं लांबलचक पत्र्याचं छप्पर, त्याच्यापुढे पाण्याची टाकी, धुऊन पालथ्या घातलेल्या बादल्या. अप्पांनी नाकानं हवा ओढली. तहानलेला माणूस पाणी पितो तशी. एकदा, मग पुन्हा एकदा. आईला वाटलं, आता हे तसेच गोठ्याकडे वळणार. ती पुढे झाली.

"घर इकडे आहे," ती म्हणाली. "विसरलात का?"

ते वळले आणि दारात उभी असलेली आपली मुलगी त्यांना दिसली.

चिमणी आदल्या संध्याकाळी आली होती. आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ती येईलच याची तिलाही खात्री नव्हती. गेली कित्येक वर्षं ही मुलगी या घरी फोनवरच भेटत होती, तीही आईला, अप्पा गोठ्यात असण्याच्या वेळा साधून. दूरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. आता ती चौकटीला हात लावून उभी होती आणि आई श्वास धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"कधी आलीस?" अप्पांनी विचारलं.

"काल."

"जेवलीस?"

"तुमची वाट बघत होते."

"मग चला," अप्पा म्हणाले, आणि थोरल्याच्या खांद्यावरचा हात न काढता पायरी चढले.

एवढंच. आईनं मनातल्या मनात या भेटीची किती तरी नाटकं रचली होती. कुणी रडेल, कुणी ओरडेल, निदान कुणी दार तरी आपटेल. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि वाढायला आत गेली.

टेबलावर डाळीचं सूप होतं, उकडलेले बटाटे, पाव, आणि भोपळ्याची भाजी. पाचही जण बसले. थोरल्याची बायको, घरची सून, खुर्ची मागे ओढून बसली होती, कारण पोट टेबलाला लागत होतं. दिवस भरत आले होते. अप्पांनी दोन चमचे सूप घेतलं, चमचा ठेवला आणि आईकडे बघितलं.

"पेलाभर दूध दे."

"तापवून ठेवलंय."

"तापवलेलं नको. दुपारच्या धारांची वेळ झाली असेल. कुणाला तरी पाठव."

आईनं हे येणार हे ओळखलंच होतं. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवसापासून तिनं या माणसाला दिवसातून एकदा तरी गाईच्या कासेखालचा पेला तसाच तोंडाला लावताना बघितलं होतं. फेसासकट, कोमट, गाईच्या अंगाचा वास असलेलं. धारोष्ण. त्यांच्यापुढे कुणी दूध तापवलं की ते म्हणत, जिवंत दुधाला कशाला मारता?

"डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले," ती म्हणाली. "कच्चं दूध बंद. गोठ्यात पाऊल टाकणं बंद. नळी काढल्याची जखम भरेपर्यंत तर नावच नको."

"त्याला काय कळतं दुधातलं? पिशवी फोडून पिणारा माणूस तो."

"त्याला तुमच्यातलं कळतं. तेवढं मला पुरे."

चिमणी पाव मोडत होती. अप्पांची नजर तिच्या ताटाकडे गेली. ताटात लोणी नव्हतं, भाजीवर साय नव्हती. ताटाशेजारी पाण्याचा पेला होता.

"हिच्या पंगतीला बसवलंत मला," अप्पा म्हणाले. "शेवटी झालंच हिच्या मनासारखं."

कुणी काही बोलायच्या आत गोठ्याकडून आवाज आला. हंबरणं नव्हतं ते. खोल, घशात अडकलेलं कण्हणं होतं. अप्पांची मान वर झाली.

"ठिपकी," ते म्हणाले. "काय झालंय तिला?"

*

सुनेला वाटलं होतं, निदान जेवण होईपर्यंत तरी हे निघू नये. पण ज्या अप्पांना इतक्या गाईंमधून कुठली खोकली हे अंथरुणातून कळायचं, त्यांच्यापासून काय लपणार?

थोरल्यानं सांगितलं. ठिपकी व्याली ते नीट व्याली. नंतर मागचं डावं सड तापलं, कास दगडासारखी झाली. दुधाच्या जागी पिवळट पाणी आणि गुठळ्या. सडात औषधाच्या नळ्या सोडून झाल्या, नेहमीची इंजेक्शनं देऊन झाली. ताप उतरत नाही, गव्हाणीला तोंड लावत नाही.

"कधीपासून?"

"तुम्हाला घरी सोडणार म्हणाले, त्याच सुमारास."

"आणि मला कुणी बोललं नाही."

"बोलून काय केलं असतं तुम्ही?" आई म्हणाली. "सलाइन घेऊन धावला असता?"

ठिपकी म्हणजे नुसती गाय नव्हती. अप्पांनी तरुणपणी पहिली जी गाय आणली, जिच्या दुधावर हे घर, हा गोठा, थोरला, चिमणी सगळं उभं राहिलं, तिच्या वंशातली ही शेवटची. सुनेला हे लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं, सासरच्या थोरामोठ्यांची ओळख करून द्यावी तसं.

"गुरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या सकाळी," थोरला म्हणाला. "नमुना नेलाय. म्हणाल्या, नेहमीची औषधं आता चालतील असं वाटत नाही. तास-तासाला सड पिळून काढा, पाणी पाजा, सलाइन दिलंय. आणि वाट बघा."

"वाट बघा!"

"अजून एक आहे माझ्याकडे," थोरला ताटाकडे बघत म्हणाला. "जरा भारी आहे. ते दिलं तर..."

"ते नाही," सून म्हणाली.

ती या घरात सगळ्यांसमोर नवऱ्याला कधी आडवी गेली नव्हती. भांडायचं ते खोलीत, दार लावून, हा तिचा नेम होता. तिचं तिलाच नवल वाटलं.

"अगं, डॉक्टरीणबाईंना सगळंच..."

"त्यांना विचारलंत?"

थोरला ताटातला बटाटा चमच्यानं कुस्करू लागला.

"कुठलं औषध ते?" अप्पांनी विचारलं.

सुनेनं आधी चिमणीकडे बघितलं, मग सासूकडे. कुणीच तिच्या मदतीला येईना तेव्हा ती म्हणाली, "फ्रिजच्या दारात अंड्यांच्या मागे बाटली ठेवलीये यांनी. ओळखीच्या दुकानातून आणलीये, चिठ्ठीशिवाय. मी नाव वाचलं, अप्पा. तुमच्या उशाशी बसून मी ते नाव रोज वाचत होते. तेच आहे."

पुन्हा तो कण्हण्याचा आवाज आला.

"मग द्या की," अप्पा म्हणाले. "मला दिलंत, मी उठून बसलो. ती माझ्यापेक्षा काय कमी आहे? माझ्यापेक्षा जास्त दूध देते."

कुणी हसलं नाही. त्यांनीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

"तुमच्या औषधावर काही जिंकलं नाही आपण," सून म्हणाली. "निसटलो फक्त. तो जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, आठवतं? तो यांच्या पोटात आहे. माझ्याही. आम्हाला काही करत नाही, नुसता मुक्कामाला आहे. पण माझ्या पोटात आता मी एकटी नाहीये. इस्पितळातल्या डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणाला आलात की आल्या-आल्या सांगा, लपवू नका. आता तेच शेवटचं औषध गोठ्यात सुरू करायचं? आणि उद्या त्याचीही सवय लागली जंतूला, तर?"

"एका गाईनं काय होतंय?" थोरला म्हणाला.

"प्रत्येक वेळी एकच गाय असते तुमची."

थोरल्याचा चेहरा पडला. अप्पांनी हात वर केला, पूर्वी गोठ्यात गड्यांना गप्प करायला करत तसा. मग त्यांनी तो टेबलावर टेकवला.

"गोठा माझा आहे. मी सांगतो, दे तिला."

सुनेला वाटलं, झालं, संपलं. या घरात अप्पांनी सांगितल्यावर पुढे बोलायची पद्धत नव्हती. आणि सासूबाई तर नवऱ्याच्या शब्दाबाहेर स्वयंपाकात मीठही घालत नसत.

पण आईच बोलली. उभी राहून, पातेल्याचं झाकण हातात धरून.

"तुम्ही ग्लानीत होता. तुम्हाला काही आठवायचं नाही. मी बसले होते तिथे, तो झगा घालून, हातमोजे घालून. तुमच्या कपाळाला माझा हात लागू देत नव्हते. डॉक्टर म्हणाला, बाई, याच्यानंतर माझं कपाट रिकामं आहे. मग त्या बाटलीतला एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत मी श्वास धरायचे." ती थांबली. "ठिपकीला मीही लहानाची मोठी केलीये. पण उद्या या पोटुशी पोरीवर तशी वेळ आली, तर मी कुठल्या बाटलीकडे बघत बसू, ते सांगा. सांगा आणि मग खुशाल द्या."

अप्पांनी बायकोकडे बघितलं. मग, आधार शोधावा तसं, मुलीकडे.

"तू बोल की. तू का गप्प? तुला तर बरंच वाटत असेल."

"मला काही बरं वाटत नाहीये, अप्पा," चिमणी म्हणाली. ती उठली, ताट उचललं. "सड पिळायचं ना तास-तासाला? मी जाते."

"तू? तू तर दूध पीत नाहीस."

"पीत नाही. काढता येतं. तुम्हीच शिकवलंय."

सून तिच्या मागोमाग गेली आणि कपाटातून हातमोज्यांचा डबा काढून तिच्या हातात दिला. "आल्यावर कपडे बाहेरच टाक," ती म्हणाली. आणि मग, खालच्या आवाजात, "मला वाटलं होतं तू आलीस की आधी भाषण देशील."

"मलाही वाटलं होतं," चिमणी म्हणाली.

*

थोरला गोठ्यात आला तेव्हा बाटली त्याच्या शर्टाच्या खिशात होती आणि सुई हातात. तो बायकोच्या समोरून ती घेऊन आला होता. तिनं अडवलं नव्हतं. फ्रिजच्या दाराला टेकून ती नुसती बघत राहिली होती, आणि ते अडवण्यापेक्षा वाईट होतं.

ठिपकी शेवटच्या कप्प्यात उभी होती. मान खाली, कान लोंबलेले, कान हाताला गार. चिमणी तिच्या बरगडीला डोकं टेकून स्टुलावर बसली होती. बादलीत पिवळं पाणी चिरचिर पडत होतं. पलीकडे अर्ध्या भिंतीआड ठिपकीचं वासरू दुसऱ्या गाईच्या दुधाची बाटली पिऊन झोपलं होतं.

"जरा बाजूला हो," थोरला म्हणाला.

ती झाली नाही. "दे ना. मी कुठे धरलंय तुझं मनगट? मानेत देणार ना? मान मोकळीच आहे."

तो उभा राहिला. गाईचा श्वास जोरानं चालला होता.

"तू गेलीस," तो म्हणाला, आणि हे आपण का म्हणतोय हे त्याला कळेना. "पेला टेबलावर ठेवलास, म्हणालीस, वासरं रात्रभर ओरडतात आणि आपण पितो, मला यापुढे नको. अप्पा म्हणाले, मग या घरातलं काहीच नको. आणि तू गेलीस. सोपं होतं तुला."

"सोपं नव्हतं."

"मी राहिलो. मलाही जायचं होतं. तुला माहीत नाही. मला रेल्वेत जायचं होतं, इंजिनावर. पण दोघं कसे जाणार? मग गाई वाढवल्या. लोकांना स्वस्त दूध हवं, रोज हवं, पहाटे दारात हवं. त्यात गाय आजारी पडून चालत नाही. म्हणून आधीच टोचायचं. गाई आटवताना सगळ्यांच्या सडात औषधाच्या नळ्या, कास सुजली नसली तरी. वासरांच्या दुधात औषधाची पूड. अप्पा म्हणायचे, पोरगं हुशार आहे, एक गाय दगावू देत नाही." त्यानं गाईच्या पाठीवर हात ठेवला. "मीच आणलं का गं हे घरात? मीच अप्पांना...?"

चिमणीच्या हातांची गती थांबली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, गोठ्यातून घरात आला की घरातून गोठ्यात, की इस्पितळातच चिकटला, शपथेवर सांगता येणार नाही."

"मग मला कसं सांगता येईल, दादा?"

त्याला वाटलं होतं, ती म्हणेल 'हो'. किंवा निदान 'नाही'. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"आणि मी दूध सोडलं म्हणून तुझ्या गोठ्यातलं काय बदललं?" ती म्हणाली. "एक गाय कमी झाली? एक सुई कमी झाली? मला वाटायचं मी दूध सोडलं. मी सोडलं ते तुम्हाला. दूध तर माझ्या गल्लीतल्या दुकानात रोज समोर दिसायचं. त्याचं काही वाटायचं नाही. पण कुणाच्या अंगाला गोठ्याचा वास आला ना, की मी त्याच्या मागे मागे चालायचे. एकदा एका पेंडवाल्याच्या मागे तीन गल्ल्या गेले. त्याला वाटलं मी चोर आहे."

थोरल्याला हसू आलं आणि हसताना डोळ्यांत पाणी.

"इस्पितळात का नाही आलीस?"

"आले होते."

"कधी?"

"आई चहाला गेली होती. मला झगा घातला, मास्क, टोपी, हातमोजे. मी आत गेले. अप्पांनी डोळे उघडले. मला म्हणाले, सिस्टर, माझी मुलगी येणारे, लांबून येणारे. नियम असतील तुमचे, पण तिला आत सोडा." तिनं मनगटानं नाक पुसलं. "मी म्हटलं, सोडते. आणि बाहेर आले."

"अगं, मास्क काढायचास!"

"काढू देत नाहीत, दादा. आणि हिंमतही झाली नाही. मला वाटलं, चेहरा बघून त्यांनी तोंड फिरवलं तर? सिस्टरशी तर छान बोलले होते."

ठिपकीनं एक पाय उचलला, ठेवला. थोरल्यानं खिशातली बाटली काढली, हातात तोलली. केवढीशी ती. सुईचं पाकीट अजून फोडलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे आला तो फ्रिजला टेकलेला बायकोचा चेहरा. त्याला फार वाटत होतं की ही गाय उभी राहावी. अप्पांसाठी. आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी. एकदा कुणीतरी येऊन म्हणावं, पोरानं वाचवलं. ती इच्छा एवढी होती की त्याचे दात दुखायला लागले.

त्यानं बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. हातमोजे चढवले आणि दुसरं स्टूल ओढलं.

"तू थकलीस. ऊठ. आता मी पिळतो."

"दोघं बसू," ती म्हणाली. "तू पाणी पाज, मी पिळते. मग बदलू."

दुपारभर ते बसले. आलटून पालटून. मधे आईनं दारापर्यंत चहा आणून ठेवला, चिमणीचा काळा. सून एकदा येऊन उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली, खिडकीतली बाटली तिला दिसली, तशी ती परत गेली. थोड्या वेळानं तिनं खिडकीतून उशी आत टाकली, "स्टूल टोचत असेल," म्हणून. थोरल्यानं डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, बाटलीसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "ती फोडू नका. मी येते."

त्या आल्या, तपासलं, आणखी सलाइन लावलं. उन्हं कलली तेव्हा ठिपकीनं पुढचे गुडघे टेकले, मग अंग. चिमणीनं तिची मान मांडीवर घेतली. थोरल्यानं पिळणं थांबवलं नाही, डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत.

*

अप्पांना कुणी सांगण्याआधीच कळलं होतं. आवाज थांबला होता.

थोरला दारात आला. कपडे बदललेले, केस ओले. लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर उभा राहायचा तसाच उभा होता, एका पायावर भार टाकून.

"गेली," तो म्हणाला.

अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. ही खाट खिडकीशी लावलेली होती आणि खिडकीतून पूर्वी टाकी दिसायची. आता पडदा ओढलेला होता. त्यांना ओरडायचं होतं. मी सांगितलं होतं, दे म्हणून. माझा गोठा. माझी गाय. शब्द तोंडाशी आलेही. पण त्यांना मधेच आठवलं ते बायकोचं वाक्य, कपाळाला हात लागू देत नव्हते. त्यांना ते खरंच आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त तहान. इतक्या दिवसांत अंगाला जो जो हात लागला तो रबराचा होता. रबरात मांसाची ऊब येते, पण उशिरा येते, आणि येईपर्यंत हात निघून गेलेला असतो.

त्यांना हवा होता तो पेला. पण पेल्याबरोबर पहाट हवी होती, आणि फेसानं मिशा आलेली एवढीशी पोर, जी आपल्याआधी पेला ओढून घ्यायची आणि म्हणायची, अप्पा, तुम्हाला तळातलं. वर्षानुवर्षं ते एकटेच प्यायले होते. वरचं आणि तळातलं, दोन्ही.

"बाटली?" त्यांनी विचारलं. भिंतीकडेच तोंड.

"फोडली नाही. डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या."

थोरल्यानं पाय बदलला.

"तुझ्या बायकोला सांग," अप्पा म्हणाले. "आपण ती फोडली नाही म्हणून सांग. तिला झोप लागेल."

थोरला आत आला, खाटेच्या कडेवर बसला आणि वडिलांच्या पाठीवर डोकं ठेवून रडला. अप्पांनी त्याला थांबवलं नाही.

सकाळी ठिपकीला न्यायला ट्रॉली आली. आईचा विरोध असतानाही अप्पा चाकांच्या खुर्चीत बसून अंगणात आले. चिमणीनं खुर्ची ढकलली. टाकीपर्यंत, पुढे नाही, असं तिनं आधीच कबूल करून घेतलं. सून दारात उभी होती, हात कमरेवर. गोठ्यातल्या बाकीच्या गाई माना वर करून बघत होत्या. कुणी रवंथ करत नव्हतं.

ट्रॉली हळू हळू जवळ आली. ठिपकीवर गोणपाट टाकलं होतं, पण डोकं उघडं होतं आणि कपाळावरचा तो पांढरा ठिपका. अप्पांचा हात खुर्चीवरून आपोआप उठला.

"अप्पा," सून दारातून म्हणाली. "हात नका लावू. तुमची जखम ओली आहे अजून."

हात हवेत थांबला. ट्रॉली त्याच्या अगदी जवळून गेली, बोटभर अंतर असेल नसेल. ते थांबा म्हणाले नाहीत. फाटकातून ती बाहेर पडली, वळली, तिचा आवाज कमी कमी होत गेला. तरी तो हात तसाच होता. तो खाली घ्यायचा असतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

चिमणी खुर्चीच्या मागून पुढे आली, मातीत बसली आणि तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला. मोज्यांशिवाय.

अप्पांनी खाली बघितलं.

"हात किती गार पडलेत तुझे."

"आत्ताच धुतलेत. साबणानं. कोपरापर्यंत."

"कोपरापर्यंत?"

"वहिनी उभी होती डोक्यावर."

"मग ठीक आहे," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी बोटं मिटली.